खीरदान होते, पवारणा केव्हा होणार?

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 20 जुलै 1924 रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना केली. 2024 साली या घटनेला शंभर वर्षे पूर्ण झाली. सभेचे नाव निघाले की वक्त्यांना 'शिका, चेतवा, संघटित व्हा' हे ब्रीद आठवते, 1925 साली सोलापुरात सुरू झालेले वसतिगृह आठवते. ते योग्यच आहे. परंतु या सभेविषयीची एक गोष्ट आमच्या व्यासपीठांवरून जवळजवळ कधीच सांगितली जात नाही. ती म्हणजे अवघ्या चार वर्षांनी, 1928 साली, बाबासाहेबांनी स्वतः ही सभा विसर्जित केली. शिक्षणाचे आणि वसतिगृहांचे काम वाढले होते. त्या कामासाठी वेगळी घडण असलेली संस्था हवी होती. म्हणून डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी उभी राहिली आणि सभेने जागा रिकामी केली.

पुढेही हेच घडले. 1936 साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. 1937 च्या निवडणुकीत या पक्षाने मुंबई प्रांतात आपली ताकद दाखविली, खोतीविरुद्ध विधेयक आणले, 1938 साली कामगारांच्या संपात उडी घेतली. म्हणजे पक्ष चालत नव्हता असे कोणी म्हणू शकत नाही. तरीही 1942 साली क्रिप्स योजनेनंतर देशपातळीवर अस्पृश्यांचा स्वतंत्र आवाज उठविण्याची गरज निर्माण झाली, तेव्हा नागपुरात शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले. आणि 1956 साली, एका समाजापुरता पक्ष आता पुरेसा नाही, सर्वांना खुला असलेला पक्ष पाहिजे, असे दिसताच बाबासाहेबांनी फेडरेशन विसर्जित करून रिपब्लिकन पक्ष उभारण्याचे ठरविले. स्वतःच्या हाताने उभारलेल्या संस्था त्यांनी स्वतःच्या हाताने मिटविल्या. त्यांना संस्थेचा मोह नव्हता. संस्था हे कामाचे हत्यार आहे, काम बदलले की हत्यार बदलावे लागते, एवढा साधा हिशेब त्यामागे होता.

आता आमच्याकडे पाहा. आमच्याकडेही संस्था बदलतात. रोज बदलतात. एका वस्तीत एक मंडळ असते, वर्षभराने दोन होतात, निवडणूक आली की तीन होतात. 3 ऑक्टोबर 1957 रोजी नागपुरात स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचे पुढे किती गट झाले, हे वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. 1998 साली एकत्र येऊन लढलो तेव्हा महाराष्ट्रातून पक्षाचे चार खासदार लोकसभेत गेले. ते ऐक्यही टिकले नाही. हे बदल आणि बाबासाहेबांनी केलेले बदल एकच आहेत काय? मुळीच नाहीत. बाबासाहेबांनी काम बदलले म्हणून संस्था बदलली. आमच्याकडे काम तेच राहते, घटना तीच राहते, फलकावरचा निळा रंगही तोच राहतो, फक्त खुर्चीवरचा माणूस बदलतो. याला बदल म्हणत नाहीत, याला फूट म्हणतात. आणि गंमत अशी की, जिथे फूट सहज पडते, तिथे बदल मात्र कोणालाच करता येत नाही.

पक्षाचे राजकारण क्षणभर बाजूला ठेवू. त्यावर या पानावर भरपूर लिहून झाले आहे. आम्हाला बोलायचे आहे ते त्यापेक्षा लहान दिसणाऱ्या, पण समाजाच्या रोजच्या जगण्याला भिडलेल्या प्रकल्पांविषयी. विहार, वाचनालय, अभ्यासिका, वसतिगृह. महाराष्ट्रात असे एक गाव नसेल, की जिथे आमच्या माणसांनी पोटाला चिमटा काढून यातले काहीतरी उभे केले नाही. गिरणी कामगाराने पगारातून दिले, रेल्वेतल्या गँगमनने दिले, सफाई कामगाराने दिले, शेतमजूर बाईने मजुरीतून दिले. शासनाची मदत नव्हती, कुठल्या शेटजीची देणगी नव्हती. हे सारे धन समाजाचे आहे. आणि आज तेच धोक्यात आहे.

वकिलीच्या निमित्ताने अशा संस्थांची कागदपत्रे आमच्यासमोर येतात. एक उदाहरण सांगतो. गावाचे आणि माणसांचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण ही गोष्ट एका गावाची नाही. एका तालुक्याच्या ठिकाणी समाजाने वर्गणी काढून जागा घेतली. विहार, त्याला लागून वाचनालय आणि वर मुलांसाठी अभ्यासिका, असा प्रकल्प ठरला. त्या वेळी संस्थेची नोंदणी झालेली नव्हती, म्हणून खरेदीखत अध्यक्षांच्या नावे झाले. माणूस प्रामाणिक होता, त्यांनी एक पैसा खाल्ला नाही. पुढे संस्था नोंदली गेली, पण जागा संस्थेच्या नावे करायची राहून गेली. तळमजला बांधून झाला. वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया गंजत राहिल्या. अध्यक्ष वारले. सातबाऱ्यावर वारसांची नावे लागली. वारसांपैकी एकाला जागेची किंमत कळली. दरम्यान खजिनदार आणि सरचिटणीस यांचे बिनसले, दोघांनी दोन कार्यकारिणी निवडल्या, दोघांनी धर्मादाय कार्यालयात दोन चेंज रिपोर्ट दाखल केले आणि दोघांनी एकमेकांच्या अर्जावर हरकत घेतली. अभ्यासिकेला कुलूप लागले. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुले आता बसस्थानकामागच्या खासगी अभ्यासिकेत महिन्याला पैसे भरून बसतात. ज्यांना ते परवडत नाही, ती बसत नाहीत.

इथे चोर कोण? असा प्रश्न आमच्या लोकांना लगेच पडतो आणि इथेच आमची गाडी रुळावरून घसरते. या गोष्टीत सुरुवातीला कोणीच चोर नव्हता. रचना सदोष होती. एका माणसाच्या भल्या मनावर सारा प्रकल्प उभा होता, आणि माणूस मरणाधीन आहे हे त्रिसरण घेणाऱ्यांनी तरी विसरायला नको होते. रचनेतील दोष वेळीच ओळखला असता, तर वारसाला लोभ होण्याची संधीच मिळाली नसती.

दोष ओळखायचा कसा? त्यासाठी वकील लागत नाही. आपल्या विहाराच्या कार्यकारिणीला पाच प्रश्न विचारावेत. जागेच्या सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर नाव कोणाचे आहे, संस्थेचे की व्यक्तीचे? धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत, ज्याला शेड्यूल वन म्हणतात, त्यात विश्वस्त म्हणून ज्यांची नावे आहेत, त्यातले हयात किती? मागच्या वर्षीचा जमाखर्च लेखापरीक्षकाने तपासला काय आणि तो सर्वसाधारण सभेत वाचला गेला काय? प्रोसिडिंग बुकात शेवटचा ठराव कोणत्या तारखेचा आहे? आणि कार्यकारिणीत महिला किती आहेत? वर्षावासात रोज ग्रंथवाचनाला बसतात त्या महिला, जयंतीच्या मिरवणुकीत पांढरी साडी नेसून पुढे चालतात त्या महिला, खीर शिजवतात त्या महिला, आणि पासबुकावर सही करणाऱ्यांत एकही महिला नाही, ही आमच्या बहुसंख्य संस्थांची स्थिती आहे. या पाच प्रश्नांपैकी तीन प्रश्नांवर कार्यकारिणी गप्प बसली किंवा चिडली, तर संस्था आजारी आहे असे खुशाल समजावे.

हे प्रश्न कायद्यानेही महत्त्वाचे आहेत. ज्याला आपण पूर्वी मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 म्हणत होतो आणि आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखतो, त्या कायद्याच्या कलम 22 प्रमाणे विश्वस्तांमध्ये झालेला बदल 90 दिवसांच्या आत कळवावा लागतो. हिशेब ठेवणे आणि दरवर्षी ते तपासून घेणे बंधनकारक आहे. कलम 36 प्रमाणे न्यासाची जागा धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. हे मोठे संरक्षण आहे. पण ज्या जागेची नोंद न्यासाच्या नावे झालेलीच नाही, तिला हे संरक्षण मिळवून देताना वकिलाचा घाम निघतो. आणि विश्वस्तांची नावेच वादात असतील, तर संस्थेचा हात कापल्यासारखा होतो. बँक खाते गोठविते. नगरपरिषदेची नोटीस आली, तर उत्तर कोणाच्या सहीने द्यायचे ते कळत नाही. शेजाऱ्याने भिंत सरकवली, तर दावा कोणी दाखल करायचा यावरच वाद होतो. शत्रूला काहीच करावे लागत नाही. आम्हीच आमची संस्था त्याच्या ताटात वाढून ठेवतो.

मग कोर्टात जावे काय? जावे लागले तर जावे. विश्वस्त हिशेब देत नसतील, मालमत्तेची अफरातफर करीत असतील, तर कलम 41 ड प्रमाणे त्यांना निलंबित करण्याची, काढून टाकण्याची तरतूद आहे. संस्थेचा कारभार चालविण्यासाठी कलम 50 अ प्रमाणे योजना करून घेता येते. परंतु वकील असूनही आम्ही सांगतो, की कायदा हा शेवटचा उपाय आहे. धर्मादाय कार्यालय कोणाचे नाव नोंदवायचे ते ठरवू शकते, एकत्र कसे बसायचे ते शिकवू शकत नाही. निकाल लागेपर्यंत अभ्यासिकेत बसणारी एक पिढी निघून गेलेली असते. पहिला उपाय आमच्या घरातच आहे, आणि तो अडीच हजार वर्षांपूर्वीचा आहे.

25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी भारताला लोकशाही नवी नाही हे सांगताना भिक्खू संघाचाच दाखला दिला होता. बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान, या साऱ्या गोष्टी संघाला ठाऊक होत्या, असे त्यांनी देशाला सांगितले. याच भाषणात त्यांनी राजकारणातील विभूतिपूजेचा धोकाही दाखविला. आम्ही त्या भाषणातला धोका इतरांना ऐकवितो, आणि संघाची कार्यपद्धती मात्र कोणालाच ऐकवीत नाही.

त्या कार्यपद्धतीतच पवारणा आहे. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, आश्विन पौर्णिमेला संपतो. तीन महिने एकत्र राहिलेले भिक्खू त्या दिवशी संघासमोर बसतात आणि प्रत्येक जण संघाला विनंती करतो, की माझ्या हातून काही दोष घडलेला आपण पाहिला असेल, ऐकला असेल किंवा तशी शंका आली असेल, तर करुणेने मला सांगा, मी तो सुधारेन. ही विनंती सर्वात आधी ज्येष्ठ भिक्खू करतो, त्यानंतर वयाने लहान. म्हणजे दोष दाखवा असे म्हणण्याची पहिली जबाबदारी खुर्चीवर बसलेल्याची. तथागतांनी स्वतः भिक्खूंना विचारले, की माझ्या वागण्यात-बोलण्यात काही आक्षेपार्ह दिसले काय, असे संयुत्त निकायातील पवारणा सुत्त सांगते. सम्यक संबुद्ध हा प्रश्न विचारू शकतात आणि वस्तीतल्या मंडळाचा अध्यक्ष विचारू शकत नाही, हे कसे?

आज आमच्या विहारांत आश्विन पौर्णिमा थाटात साजरी होते. ग्रंथाचे समापन होते, खीरदान होते, भोजनदान होते, पाहुण्यांचे शाल देऊन सत्कार होतात, कोणी किती दान दिले ते माइकवरून वाचले जाते. फक्त पवारणा होत नाही. ज्या गोष्टीसाठी तो दिवस आहे, तेवढी सोडून बाकी सारे होते.

यावर काही आक्षेप ठरलेले आहेत. पहिला आक्षेप असा, की संस्थापकांनी घाम गाळला, त्यांना आता कालची पोरे हिशेब विचारणार काय? संस्थापकांचा घाम खरा आहे. त्यांचे ऋण समाजावर आहे. त्यांचे छायाचित्र विहारात लावावे, त्यांचा सल्ला घ्यावा, त्यांना मानाने पुढे बसवावे. परंतु घाम गाळल्याने मालकी मिळत नाही. मालकीच मिळवायची असती, तर विहार कशाला बांधला, घर बांधले असते. तथागतांनी आपला वारस नेमला नाही, धम्म हाच तुमचा शास्ता, असे सांगितले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी ही गोष्ट मुद्दाम मांडली आहे. दर वर्षावासात आम्ही तो ग्रंथ वाचतो. मग अध्यक्षांनंतर त्यांचा मुलगाच अध्यक्ष का होतो?

दुसरा आक्षेप, की संस्थेची घटना मोठ्या माणसांनी केली आहे, तिला हात लावू नका. देशाची राज्यघटना 26 जानेवारी 1950 रोजी अमलात आली आणि 1951 सालीच तिची पहिली दुरुस्ती झाली. मद्रासच्या शैक्षणिक आरक्षणाविरुद्ध निकाल लागला होता, तो अडथळा दूर करून कलम 15(4) घालावे लागले. त्या वेळी देशाचे कायदामंत्री स्वतः बाबासाहेब होते. दीड वर्षाच्या आत स्वतःच्या श्रमाच्या ग्रंथात दुरुस्ती व्हावी, याला त्यांचा विरोध नव्हता, कारण मुलांचे शिक्षण अडले होते. मग टंकलेखन केलेल्या आठ पानी नियमावलीला आम्ही का कवटाळून बसावे?

तिसरा आक्षेप सर्वात धारदार आहे. घरातली भांडणे चव्हाट्यावर आणली, तर मनुवादी हसतील. त्यांना आज हसू आवरते आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी धर्मादाय कार्यालयाच्या व्हरांड्यात एक दिवस उभे राहावे. भांडण दडविल्याने मिटत नाही, ते कोर्टात जाते आणि तिथे ते सर्वांसाठी खुले असते. उलट वर्षातून एकदा आपल्याच माणसांत, आपल्याच विहारात, करुणेच्या भाषेत बोलले गेले, तर बाहेर जाण्याची वेळ येत नाही. दोष दाखविणाऱ्याला गद्दार ठरविणारी संस्था शेवटी फक्त गद्दारांच्याच हाती उरते, कारण प्रामाणिक माणसे निघून गेलेली असतात.

मात्र तरुण मित्रांनाही चार शब्द सांगितले पाहिजेत. जे हिशेब मागतात, त्यांनी आधी वर्गणीची पावती फाडलेली असावी. जे अध्यक्षांच्या चुका मोजतात, त्यांनी एखादा रविवार विहाराची साफसफाई केलेली असावी. सभेला यायचे नाही, नियमावली वाचायची नाही आणि एक दिवस रागाच्या भरात नवे मंडळ काढून नवे पावती पुस्तक छापायचे, हा सोपा मार्ग आहे. त्याने जुनी संस्था सुधारत नाही, नवी संस्था तिच्याच वाटेने जाते आणि वर्गणी देणारी आई मात्र दोन पावत्या घेऊन दारात उभी राहते. सभासद व्हा, नोंदवहीत नाव घाला, सभेची नोटीस मागा, ठराव लेखी द्या, हरलात तर पुढच्या वर्षी पुन्हा द्या. याला वेळ लागतो, पण संस्था जिवंत राहते.

आणि समाजानेही आपली ताकद ओळखावी. कोसंबीच्या भिक्खूंमध्ये पाण्याच्या भांड्यासारख्या क्षुल्लक कारणावरून तट पडले. तथागतांनी समजावूनही ते ऐकेनात, तेव्हा तथागत तेथून निघून गेले. शेवटी भांडण मिटविले ते उपासकांनी. त्यांनी भांडणाऱ्या भिक्खूंना वंदन करणे थांबविले, भिक्षा देणे थांबविले. पोटाला चिमटा बसताच दोन्ही तट श्रावस्तीला तथागतांकडे धावले. आमच्या वस्तीतल्या मायमाउल्यांनी एक वर्ष ठरवावे, की गेल्या वर्षीचा हिशेब भिंतीवर लागेपर्यंत नवी वर्गणी नाही. बघा किती लवकर हिशेब लागतो ते.

आमची सूचना मोठी नाही. येत्या आश्विन पौर्णिमेला खीरदानाच्या आधी प्रत्येक विहारात एक तास पवारणेचा ठेवावा. सुरुवात अध्यक्षांनी करावी. सभासदांनी नम्रपणे, पण स्पष्ट बोलावे. जे निघेल ते प्रोसिडिंग बुकात लिहावे. त्यानंतर महिन्याभरात सर्वसाधारण सभा घेऊन चार ठराव करावेत. जागा व्यक्तीच्या नावे असेल तर ती संस्थेच्या नावे करण्याची कार्यवाही लगेच सुरू करावी, कारण आज हयात असलेला माणूस सही करू शकतो, उद्या वारसांच्या पाया पडावे लागते. कोणत्याही पदावर कोणी सलग दोन मुदतींपेक्षा जास्त राहू नये. कार्यकारिणीत निम्म्या महिला असाव्यात आणि बँकेच्या सह्यांत त्यांची सही असावी. दर महिन्याचा जमाखर्च विहाराच्या भिंतीवर लावावा. आणि झालेला प्रत्येक बदल 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात कळवून त्याची पोच फाइलला लावावी.

ज्या बाबासाहेबांनी आपली सभा, आपला पक्ष, आपले फेडरेशन काळाची गरज ओळखून विसर्जित केले, त्यांच्या अनुयायांना आपल्या विहाराच्या नियमावलीतले एक पान बदलणे जड का जावे? कुलूपबंद अभ्यासिकेबाहेर उभे असलेले पोर आमच्या गटाचे की तुमच्या गटाचे, हे परीक्षा घेणारा आयोग विचारणार नाही. त्याच्या वाट्याचे वर्ष वाया गेले, एवढेच उरेल. आश्विन पौर्णिमेला अजून अवकाश आहे. कार्यकारिणीची सभा आजच बोलवा.

जयभीम.